ओट्याखालचं नाशिक

अहो वहिनी, ऐकलंत का? नाही? मला वाटलंच, तुम्ही तर परवा माहेरी होतात. ती बादली राहू द्या तिथंच, या अशा भिंतीपाशी. आणि जरा हळू हं, कोपऱ्यावरच्यांच्या खिडक्या सताड उघड्या आहेत. आता मे महिन्याच्या उन्हात भरदुपारी खिडक्या उघड्या का, तर कूलर बंद आहे. कूलर बंद का, तर त्यात टाकायला पाणी नाही. आणि त्यांच्याकडं, गल्लीच्या पहिल्या घरात, पाणी का नाही, तेच तर सांगायला हाक मारली तुम्हाला.

परवा रात्री आपल्याकडं पाणी होतं. यायचं होतं मंगळवारी, आलं गुरुवारी. आता फारोळ्याला, जिथून आपलं पाणी येतं तिथं, लाइट गेली की अख्ख्या शहराचं टाइमटेबल पुढं सरकतं, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरांनासुद्धा पाढ्यासारखं पाठ आहे. बाकीच्या गावांत बायका भेटल्या की विचारतात, भाजी काय केली. आपण विचारतो, तुमच्याकडं किती दिवसांनी आलं.

पण थांबा, आधी रविवारची मीटिंग सांगायला पाहिजे, नाहीतर मजा नाही येणार.

तर मीटिंग होती गुरख्याची. मंदिराच्या शेडमध्ये, संध्याकाळी सहाला बोलावलेली, सातला भरली. गुरखा सांगून गेला होता की महिनाअखेरीला सोडतो. बिचाऱ्याचं काय चुकलं हो? आपली वीस घरं, घरटी महिन्याला शंभर रुपये. दोन हजार व्हायला पाहिजेत. आणि हातात येतात किती, तर आठ घरांचे आठशे, वर डॉक्टरांचे चारशे जास्तीचे, कारण त्यांच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात आणि त्यांना झोप लागत नाही. म्हणजे बाराशे. बारा घरांना तो फुकट शिट्टी वाजवतो.

आणि कारणं तरी काय एकेक! एक म्हणाल्या, आमच्याकडं चोरण्यासारखं आहेच काय. गळ्यात चार तोळ्यांची मोहनमाळ घालून म्हणाल्या हे. दुसरे म्हणाले, मला शिट्टीनं उलट जाग येते, तोच मला शंभर देणं लागतो. भाडेकरू म्हणतात मालक देतील, मालक राहतात पुण्यात, ते म्हणतात राहतंय कोण तिथं. गच्चीवाल्यांनी तर कळसच केला, म्हणाले आमच्याकडं कुत्रा आहे. कुत्रा! तो कुत्रा गुरख्याला बघून शेपूट हलवतो.

तुम्हाला ठाऊक आहे का, मधे दोन महिने गुरख्यानं शक्कल लढवली होती. जे पैसे देत नाहीत त्यांच्या घरासमोरून मुकाट्यानं जायचा, ना शिट्टी, ना खांबावर काठी. देणाऱ्यांच्या फाटकापुढं मात्र जोरात. पण शिट्टीला काय कंपाउंड असतं होय? आमच्या दारात वाजली की समोरच्यांच्याही चोराला ऐकू जाणारच. चोर काय पावतीबुक बघून येतो? शेवटी कंटाळून त्यानं ते सोडून दिलं.

माझा भाचा आलाय ना सुट्टीला, तो कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, तो हे ऐकून असा खूष झाला की विचारू नका. म्हणाला, मावशी, आमच्या पुस्तकांत यासाठी शंभर वर्षं दीपगृहाचं उदाहरण देतात, मी उद्यापासून तुमच्या गुरख्याचं देणार. म्हणजे कसं, दिवा लागला की येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या जहाजांना दिसतो, ज्यानं पैसे दिले त्यालाही आणि ज्यानं नाही दिले त्यालाही. बरं, एकानं बघितला म्हणून दुसऱ्यासाठी उजेड कमी होत नाही. अशा वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणायचं. सॅम्युअलसन म्हणून अमेरिकेतले मोठे अर्थशास्त्री, त्यांनी १९५४ साली तीन पानांत हे गणितानं मांडलं. तीन पानांत! आपल्या मीटिंगचं इतिवृत्त याहून मोठं असतं. आणि जो बघतो, वापरतो, पण पैशांच्या वेळेला संडासात जाऊन बसतो, तो फ्री रायडर. मी म्हटलं, अरे याला आम्ही इतकी वर्षं फुकट्या म्हणतो, त्यात शिकवायचं काय? तर म्हणाला, तसं नाही मावशी, फुकट्या वाईट असतो म्हणून फुकट्या होत नाही, तो हिशेबी असतो. त्याच्या शंभरानं गुरखा राहणारही नसतो आणि जाणारही नसतो. मग तो का देईल?

हे मला पटलं नाही हं. तिथं बसलेल्यांत हिशेबी कुणी नव्हतं, सगळे चिकटच होते. पण ते असो.

तर काय सांगत होते... हां, मीटिंग. गुरख्यावरून गाडी घसरली ती पाण्यावर. शेवटच्या घरातल्या आजी उठून उभ्या राहिल्या. त्या कधी बोलत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. जालन्याकडच्या, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा दुबईला. म्हणाल्या, "माज्या नळाला तीन पाळ्या झाल्या, हंडाभर पाणी आलं न्हाई. कामून येत न्हाई ते तुमाला सगळ्यांना ठावं हाय." आणि बसल्या. अशी शांतता पसरली की शेडवरच्या पत्र्यावर खारूताई पळालेली ऐकू आली.

ठावं होतंच की. टिल्लू! एकेकाच्या नळाला टिल्लू मोटार बसवलेली. पहिल्यांदा कुणी लावली हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. कुणालाही विचारा, आम्ही सगळ्यांत शेवटी लावली, नाइलाज झाला तेव्हा. आता तुमच्यापासून काय लपवायचं, आमचीही आहे. पण अर्ध्या एचपीची. आणि ती खरंच आम्ही सगळ्यांत शेवटी लावली. हसताय काय?

तर तेव्हा कोपऱ्यावरचे साहेब उठले. नाव नाही घेत मी कुणाचं, पण कळलं तुम्हाला. इस्त्रीचा झब्बा, हातात फाइल. काय भाषण केलं हो! म्हणाले, मोटार लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातला घास ओढणं. म्हणाले, मोटारीनं पाइपात ओढ बसते, आणि जिथं पाइप चिरलेला असेल तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, मग तेच आपण पितो आणि डॉक्टरांना दोष देतो. हे मात्र खरं आहे हं, भाचाही म्हणाला. मागच्या उन्हाळ्यात निम्मी गल्ली जुलाबांनी आडवी नव्हती का पडली? मग त्यांनी सगळ्यांकडून देवाच्या समोर कबूल करून घेतलं, मोटार लावणार नाही. बायकांनी कुंकवाची शपथ घेतली. मी नाही घेतली, मी तेवढ्यात चहा बघायला उठले होते.

आणि आला गुरुवार. रात्री पावणेतीन. लाइनमननं चावी फिरवल्याचा तो आवाज तुम्हाला झोपेतही ओळखू येतो ना, तशी मी उठले. नळ उघडला. धार म्हणावी तर धार नाही, थेंब म्हणावा तर थेंब नाही. कान दिला तर अख्ख्या गल्लीतून बारीक गुणगुण, जशी योगशिबिरात सगळ्यांनी मिळून भ्रामरी करावी. एकजात सगळ्यांच्या टिल्लू! म्हटलं, शपथ गेली खड्ड्यात, माझ्या एकटीच्या प्रामाणिकपणानं आजींच्या हंड्यात काय पडणार? दाबलं बटण.

बघा, इथं मला भाच्याचं म्हणणं पटलं. पण तेव्हा नाही, नंतर.

बरोब्बर पाच मिनिटांनी लाइट गेली.

गुणगुण थांबली. काळोख मिट्ट. आणि मग वहिनी, दूरवरून, गल्लीच्या पार टोकाकडून आवाज आला... पितळी घागरीत पाणी पडल्याचा. आधी टणटण, मग भरल्यासारखा जाड. आजी ओरडल्या, "आलं गं बाई आलं! धार आली!" त्यांचा आवाज असा चिरका झाला की मला वाटलं पडल्या बिडल्या. मी आधी आमच्या टिल्लूचं बटण बंद केलं आणि मगच बाहेर पळाले. बाईमाणूस इतकं वेंधळं राहत नाही.

बाहेर येऊन बघते तर सगळेच बाहेर. कुणी टॉर्च, कुणी मोबाइल. आणि गंमत म्हणजे, आमच्याही नळाला पाणी होतं. मोटारीइतकं नाही, पण होतं, मधल्या घरांनाही होतं, आणि चढावरच्या आजींनाही होतं. सगळ्यांना करंगळीएवढी धार. पाणी आपलं आपण येत होतं. आपल्या मलिक अंबरानं आपलं हे शहर, तेव्हाची खडकी, वसवलं १६१० साली, आणि डोंगराकडून नहर काढली, ती कशावर चालायची? उतारावरच ना! ना पंप, ना लाइट. पाणचक्कीवर आपण पाहुण्यांना नेऊन नेऊन दमतो, तिथंही पाणी हरसूलकडून जमिनीखालून येतं, जातं फिरवतं आणि मग हौदात पडतं. पाण्याला रस्ता माहीत असतो हो. वाटेत तोंड लावून कुणी बसलं नाही म्हणजे झालं.

काही काही गावांत म्हणे पाणी सोडायच्या वेळेला मुद्दाम लाइटच बंद ठेवतात, मोटारी चालू नयेत म्हणून. मला आधी वाटायचं, काय जुलूम आहे. परवा वाटलं, शहाणी माणसं.

तर सगळे जमले आजींच्या फाटकापाशी, त्यांची घागर बघायला. लग्नात वराला बघावं तसं. आणि तेवढ्यात कोपऱ्यावरचे साहेब आले. लुंगी, बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात तो लांब टॉर्च. आले आणि सुरूच झाले. "बघितलंत? मी सांगत नव्हतो? ही आहे समन्यायी वाटपाची ताकद!" रात्री तीन वाजता समन्यायी! मग त्यांनी जायकवाडीच काढली. २०२३ च्या नोव्हेंबरात पाण्यासाठी आंदोलनं झाली, त्यात ते होते ना, फोटोही आला होता म्हणतात त्यांचा. कडेला होता.

त्यांचं काय म्हणणं, की नाशिक आणि नगरकडची धरणं वर आहेत, आपली जायकवाडी खाली. पैठणला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं, नाथसागर एवढा मोठा की नजर पोचत नाही, पण वरच्यांनी अडवलं तर खाली येणार काय, नाथाचा अंगारा? म्हणून समन्यायी पाणीवाटपाचा २००५ चा कायदा. म्हणून तो नियम, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला तर वरच्यांनी सोडायचं. म्हणून हायकोर्टाचा २०१६ चा निकाल. तरी २०२३ ला साडेआठ टीएमसी सोडायचा आदेश निघाला तर किती खळखळ केली वरच्यांनी, सुप्रीम कोर्टापर्यंत गेले! टॉर्च असा वर धरून बोलत होते. "वर बसलोय म्हणून आधी आपलं भरून घ्यायचं, ही कुठली माणुसकी? खालच्यानं काय प्यायचं?"

आणि प्यायचं म्हणताक्षणी, वहिनी, लाइट आली.

घर्र्र्र्र...

सगळीकडं शांत आणि एकच घरघर. सगळ्यांनी माना वळवल्या. आवाज कुठून, तर कोपऱ्यावरून. साहेबांच्या ओट्याखालून, जिथं चपलांचं कपाट आहे ना, त्याच्या मागून. आमच्यासारख्या गरिबांनी बटणं बंद करून बाहेर पाय टाकला होता. पण त्यांची पडली ऑटोमॅटिक! लाइट आली की आपोआप सुरू. एक एचपीची, आमच्या दुप्पट. इकडं आजींच्या घागरीतली धार बारीक झाली... आणखी बारीक... मग नुसता सुस्कारा आल्यासारखी हवा आली नळातून, आणि संपली.

काय सांगू तुम्हाला त्यांचा चेहरा! पांढरा नाही, लाल नाही, शिळ्या पोळीसारखा झाला. टॉर्च तसाच वर. बाई तर, त्यांच्या घरच्या, फाटकातूनच आत वळल्या, पदर तोंडाला लावून. हसल्या की रडल्या, देव जाणे. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. गच्चीवाल्यांचा कुत्रा तेवढा भुंकला.

आणि आजी काय म्हणाल्या ऐका. शांतपणे, घागरीवर झाकण ठेवत. "सायेब, नाशिकवाल्यांना कशाला बोल लावता. आपल्या गल्लीचं नाशिक तर तुमच्या ओट्याखाली निगालं."

मी हसू दाबायला गेले तर ठसका लागला. अजून लागतो आठवलं की.

पण खरं सांगू का, रात्री अंथरुणावर पडल्यावर मला जरा... म्हणजे आपण मधल्या घरांतल्या. कोपऱ्यावरचे आपलं ओढतात म्हणून आपण कुरकुरतो, आणि आजींचं आपण ओढतो ते? आपण मराठवाडा मराठवाडा म्हणून ओरडतो ना, त्या अर्ध्या एचपीच्या टिल्लूला तर आजी म्हणजेच मराठवाडा. नको तो विचार.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं सगळं उलगडून सांगितलं. म्हणाला, मावशी, गुरख्याची शिट्टी वेगळी आणि नळाचं पाणी वेगळं. शिट्टी कितीही जणांनी ऐकली तरी झिजत नाही. पाणी तुम्ही ओढलं की दुसऱ्याचं जातं. ती सामायिक वस्तू, गायरानासारखी. हार्डिन म्हणून एकानं १९६८ साली लिहिलं, की गायरानात जो तो आपली आणखी एक गाय सोडतो, आणि शेवटी गवतच राहत नाही. त्यातून आपल्या शहरात पाणीपट्टी ठोक. मीटर नाही. अर्ध्या इंची नळाला आधी वर्षाला ४०५० रुपये होती, २०२२ मध्ये निम्मी केली, २०२५ रुपये. आता हंडाभर ओढा नाहीतर टाकीभर, पट्टी तेवढीच, मग हात आखडेल कोण? वर पुन्हा किती नळ चोरून जोडलेले, ते कुणाच्या वहीतच नाहीत. बरं, योजना काय कमी झाल्या? समांतर जलवाहिनी आठवते ना, २०१६ ला रद्दच झाली. मग २०२० च्या डिसेंबरात १६८० कोटींची नवी, ती वाढत वाढत २७४० कोटींवर गेली. त्यासाठी मोर्चे झाले, सभा झाल्या, त्या मी सांगत नाही, तुम्ही पण होतात की जलआक्रोश मोर्चाला २०२२ ला पैठणगेटवर, उन्हात, माझी टोपी घेऊन. ती टोपी अजून आली नाही, असो.

मी म्हटलं, अरे मग काय, माणसं अशीच म्हणून हात झटकायचे? तर म्हणाला, नाही, एक बाई होत्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली पहिली बाई, २००९ साली. बाकीचे पंडित खुर्चीत बसून गायरानाचं गणित मांडत होते, आणि ही बाई उठून जाऊन लोकांना विचारत होती, तुमच्याकडं कसं चालतं? तिची पीएचडीच मुळी लॉस एंजलिसजवळच्या भूजलावर, सगळेच उपसा करत होते आणि समुद्राचं खारं पाणी आत घुसायला लागलं होतं, मग त्यांनी एकत्र बसून कसं ठरवलं, त्यावर. म्हणजे चौकशा करणाऱ्या बाईला नोबेल मिळतं बघा. आपल्याला इथं लोक चांभारचौकशा म्हणतात.

तिला काय सापडलं, की जिथं लोकांनी स्वतः नियम केले, आणि राखण स्वतःच केली, किंवा आपल्या माणसाला ठेवून करून घेतली, आणि चुकला त्याला पहिल्यांदा थोडी, मग जास्त अशी शिक्षा केली, तिथं टिकलं. मग भाचा म्हणाला, लांब कशाला, धुळ्याकडं पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. मला ते फार आवडलं. तिथं शेतकऱ्यानं स्वतः उठून बारं द्यायचंच नाही. पाणी देणारा पाटकरी वेगळा, राखण करणारा जागल्या वेगळा. पाणी कमी असलं तर फड, म्हणजे शेतांचे गट, कमी भिजवायचे, पण भिजवलेल्या फडात सगळ्यांच्या पट्ट्या. म्हणजे वरचा तुपाशी, खालचा उपाशी, असं नाही. आणि हिवरेबाजारला तर आपण भिशीच्या ट्रिपला गेलो होतो की, तुम्हाला बसमध्ये उलटी झाली ती! तिथं शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. तेव्हा आपण फोटो काढण्यात गुंग होतो.

आणि भिशीवरून सांगते. मी भाच्याला विचारलं, अरे या गुरख्याचे शंभर न देणाऱ्या बायका भिशीचे दोन हजार एक तारखेला सकाळी आणून देतात, एक दिवस इकडं तिकडं नाही. मोहनमाळवाल्या तर सगळ्यांच्या आधी. असं कसं? तो टाळीच वाजवायला लागला. ऑल्सन म्हणून एक होता, त्याचं १९६५ सालचं पुस्तक आहे, त्यात हेच. घोळका मोठा झाला की माणूस लपतो. भिशीत बारा जणी, समोरासमोर, कुणी दिलं नाही ते चहा पिता पिता कळतं. आणि नंबर लागायचा असतो, म्हणजे देणारीलाच मिळणार, दुसरीला नाही. शिवाय डॉक्टरांचंही त्यात आहे म्हणे, की ज्याचा जीव जास्त अडकलेला त्याच्याच डोक्यावर सगळा भार येतो, आणि बारकेसारके त्याच्या जिवावर झोपतात. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, मग मला ते पुस्तक नको, पावती द्या.

तर काल पुन्हा मीटिंग झाली. या वेळी सहाची मीटिंग सहाला भरली, गंमत बघायला. साहेब आले. मला वाटलं नव्हतं, पण आले हं. टिल्लू स्वतः उचलून आणली होती, गोणपाटात गुंडाळून, आणि मंदिराच्या शेडमध्ये कोपऱ्यात ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. म्हणून तर कूलर कोरडा. पाणी खालच्या नळाला येतं, पण वरच्या मजल्यावर बादल्या कोण नेणार? बाईंनी स्पष्ट सांगितलंय, भाषण तुम्ही केलं, बादल्याही तुम्हीच उचला.

आता ठरलं काय, ते नीट ऐका, तुम्ही नव्हतात म्हणून सांगते. पाणी आलं की पहिला पाऊण तास कुणीही बटणाला हात लावायचा नाही. राखण करणार आजी. त्यांच्या नळाला धार लागली आणि हौद कडेपर्यंत आला की त्या थाळी वाजवणार. थाळी वाजल्यावर मग ज्याला जे करायचं ते करा. आधी घरघर ऐकू आली तर पहिल्यांदा नुसतं दार वाजवायचं. दुसऱ्यांदा फळ्यावर नाव. तिसऱ्यांदा त्याच्या घरची टिल्लू शेडमध्ये, साहेबांच्या टिल्लूशेजारी. आजी म्हणाल्या, मला रात्री झोप येतच न्हाई, मी बसते कान देऊन. जागल्याच झाल्या की त्या आमच्या. हे किती दिवस टिकतं बघू या. मला वाटतं पावसाळ्यापर्यंत टिकेल, पुढचं कुणी सांगावं.

आणि गुरख्याचंही जमलं. भाच्यानंच सुचवलं. इंग्लंडात म्हणे दीपगृहाचे पैसे समुद्रात कुठं मागत बसायचे नाहीत, जहाज बंदराला लागलं की तिथं वसूल करायचे, कोज म्हणून कुणी १९७४ साली जुनी दप्तरं काढून हे दाखवलं. मग आपलं बंदर कुठलं, तर मंदिर. आरतीला सगळे येतातच. शेडमध्ये फळा लावलाय, वीस घरांची नावं, पुढं महिन्यांचे रकाने, खडूनं टिचकी. काल आरती होईस्तोवर नऊ जणांनी आणून दिले. मोहनमाळवाल्यांनी तर पाचशेची नोट काढली, सगळ्यांना दिसेल अशी. गच्चीवाल्यांनीही दिले, म्हणाले कुत्र्याला सोबत होईल. गुरखा दसऱ्यापर्यंत राहतो म्हणालाय.

आपली पुढची पाळी आता बहुतेक पुढच्या शुक्रवारी रात्री. थाळीकडं कान असू द्या, आणि तुमच्या टिल्लूचं बटण कालच... नाही का? बरं बरं, मी काही विचारलं नाही.

अगं बाई, जाते, कुकर लावलाय. अहो, आणि एक राहिलंच. फळ्यावर अजून तीन नावांपुढं टिचकी नाही. एक पुण्याच्या मालकांचं, एक त्या शिट्टीनं जाग येणाऱ्यांचं, आणि एक तुमचं. एप्रिल आणि मे, दोनशे. घाई काही नाही हो, बादली भरून घ्या आधी. मी इथंच आहे भिंतीपाशी.